दिघोरीत सहा पुस्तकं आणि एक कागद

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याचं बुकिंग मिळालं नाही की आपल्यासारखी ऑफिसवाली मंडळी दोनच गोष्टी करतात. एक तर लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, नाहीतर घरी बसून मोबाइल स्क्रोल करतात. माझा तिसरा फंडा ऐका. न वाचलेल्या पुस्तकांचा गठ्ठा सॅकमध्ये टाकायचा आणि आजोळी जायचं. माझं आजोळ दिघोरी. नागपूरकरांनो, तुमचा उमरेड रोडवरचा दिघोरी चौक नाही हं! भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातली दिघोरी, कागदोपत्री 'दिघोरी (मोठी)'.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की भंडारा रोडला उतरायचं. हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथून भंडारा, मग साकोली, आणि साकोलीहून सानगडीमार्गे लाखांदूरकडे जाणारी एसटी. शेवटच्या टप्प्यात खिडकीबाहेर फक्त धान दिसतं. इथे त्याला भात म्हणत नाहीत. भात ताटात, शेतात धान!

सॅकमध्ये सहा पुस्तकं होती आणि आईने मामाजींना द्यायला दिलेला एक कागद. हक्कसोडपत्राचा मसुदा. आजोबांचं घर आणि चार बांध्या यांतला तिचा वाटा भावाला सोडून देतेय, असा मजकूर. सही अजून व्हायची होती. मी तो बुकमार्क म्हणून वापरायचं ठरवलं. या पुस्तकातून त्या पुस्तकात तो फिरत राहिला आणि माझं वाचन त्याच्याभोवती फिरत राहिलं. आता एकेक पुस्तक घेऊ. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर खुश्शाल भांडा.

ॲटॉमिक हॅबिट्स : शेतावर नापास

जेम्स क्लिअरचं हे २०१८ चं पुस्तक आमच्या ऑफिसात प्रत्येक डेस्कवर आहे. रोज एक टक्का सुधारा, वर्षभरात सदतीस पट व्हाल, हा त्याचा हिशेब. गणित बरोबर आहे. सवय सोपी करा, डोळ्यांसमोर ठेवा, हा सल्लाही कामाचा. मी त्यामुळे सकाळी उठायला लागले, हे मान्य.

पण हे पुस्तक मी बांधीच्या धुऱ्यावर बसून वाचलं. समोर कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्या होत्या आणि मामाजी दर पाच मिनिटांनी आभाळाकडे बघत होते. कडपा जमिनीवर असताना पाऊस आला की धान भिजतं, काळं पडतं, कधी कोंब फुटतात. चार महिन्यांची शिस्त एका रात्रीत पाण्यात. भारे बांधून पुंजणं रचेपर्यंत जिवात जीव नसतो. सवयीचं फळ मिळणार, हे पुस्तक गृहीत धरतं. ज्याचा पगार एक तारखेला खात्यात पडतो, त्याला ते पटतं. ऑफिससाठी दहापैकी सात, बांधीसाठी दोन.

लुचाई : अंधारात वाचा, पण…

नारायण धारप म्हणजे मराठीतली भीती. 'तुंबाड' (२०१८) पाहिलाय ना? त्यामागेही धारपांच्या एका कथेची प्रेरणा आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली कादंबरी. बाहेरून आलेलं अमानवी काहीतरी एकेक माणूस गिळत गाव पोकळ करतं.

रात्री ओसरीवर दिव्याखाली वाचत होते. टरकले, सॉलिड टरकले! मामी शेजारी कांदे सोलत होती. मी तिला कथा सांगितली तर ती हसली. तिची भीती वेगळी. रानडुकरं, साप आणि आता हत्ती. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ मध्ये भंडारा जिल्ह्यापर्यंत पोचला होता. भुतानं पुंजणं तुडवल्याचं तिने कधी ऐकलेलं नाही.

तरी धारपांना मी पूर्ण मार्क देते, कारण त्यांची खरी भीती रक्तपिपासूंची नाहीच. संध्याकाळी एकेका घरात दिवा लागत नाही, ही ती भीती. आमच्या आळीत फिरताना मीही तेच मोजत होते. कुलूप, कुलूप, म्हातारी, कुलूप. यांना कुणी गिळलेलं नाही. ती पोरं नागपूर, पुणे, हैदराबादला आहेत. म्हणजे माझ्यासारखीच.

वाडा चिरेबंदी : हा कागद इथेच थांबला

महेश एलकुंचवारांचं हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून त्रिनाट्य झालं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेलेत, तेराव्याला मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आलाय, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय, आणि खर्च, दागिने, वाटा यांवरून माणसं एकमेकांना सोलून काढतायत.

नाटक वाचायला बोअर होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचाच. इथे खलनायक कुणीच नाही. सगळ्यांचं बरोबर असतं आणि म्हणूनच घर बुडतं. एक तक्रार मात्र आहे. पुढच्या दोन भागांत चर्चा वाढत जाते. माणसं एकमेकांशी कमी आणि आयुष्याबद्दल जास्त बोलायला लागतात. मला पहिलाच भाग सर्वांत मोठा वाटतो.

वाचताना आतला कागद हातात आला. या वाड्यातल्या बायका सगळ्यांचं करतात, पण वाटे ठरवणारे पुरुष. मी मामीला सहज विचारलं, तुझ्या माहेरच्या शेताचं काय झालं?

"मी बी देली होती सही," ती म्हणाली. "भाऊबीजेची साडी येते अजून."

एवढंच. बरं झालं की वाईट, ते तिने सांगितलं नाही. कायदा काय म्हणतो ते आपल्याला माहीत आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. पण सही न करणाऱ्या बहिणीला माहेरचं दार उघडं राहील का, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. साडी आणि बांधी यांचा भाव एकच कसा लागतो, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना.

जाता जाता एक गोष्ट. तुम्ही दिवाळीनंतर या भागात असाल तर झाडीपट्टीचं नाटक सोडू नका. वैनगंगेपलीकडे वडसा हे या कंपन्यांचं माहेर. मंडई भरली की रात्री पडदा उघडतो तो पार पहाटेपर्यंत. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एलकुंचवारांच्या शांततेनंतर हा दणका मस्त लागतो.

आज भी खरे हैं तालाब : गठ्ठ्यातलं नंबर वन

अनुपम मिश्र यांचं १९९३ चं हिंदी पुस्तक. हिंदी म्हणून बिचकू नका. आजोबांच्या पिढीला इथे ती परकी नव्हतीच, १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशातच होता. लेखकाने यावर कॉपीराइट ठेवला नाही, ज्याला हवं त्याने छापावं. तलाव कुणी बांधले, जागा कशी निवडली, पाळ कशी घातली, गाळ कसा काढला, हे सगळं आजीने सांगावं इतक्या सोप्या भाषेत आहे.

आणि ते वाचायचं कुठे, तर तलावांच्या जिल्ह्यात! गोंड राजांच्या काळात इथे कोहळी समाजाने तलाव बांधले. आजही भंडारा-गोंदियात ते हजारोंनी आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. पुण्याची मैत्रीण म्हणाली, किती क्यूट! अगं, मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. तोवर गाव मिळून पाळ राखायचं, गाळ काढायचं. मालक बदलला तसं हे हळूहळू मागे पडलं, अनेक तलाव उथळ झाले. ज्याचं सगळ्यांचं होतं, ते एकदम कुणाचंच नाही असं झालं.

मामाजींबरोबर तलावाच्या पाळीवर गेले होते. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, त्यामुळे पाळीला ते 'पार' म्हणतात. तिथे त्यांनी मला सांगितलं की पाणी कोणत्या बांधीला आधी जाणार, यावर अजून माणसं एकत्र बसून बोलतात. मिश्रांच्या पुस्तकावर माझा आक्षेप एकच. जुन्या गावातला एकोपा ते फार प्रेमाने रंगवतात. त्या पाण्याला कुणाला हात लावू दिला जात नव्हता, हे त्यात अगदी पुसट आहे. त्यासाठी पुढचं पुस्तक.

खैरलांजी : वाचायचं टाळू नका

आनंद तेलतुंबडे यांचं इंग्रजी पुस्तक, २००८ चं. हे मी दोनदा मिटवलं आणि दोनदा उघडलं. २९ सप्टेंबर २००६ ला याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची गावातल्याच जमावाने हत्या केली. आई, मुलगी, दोन मुलगे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये हायकोर्टाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. बचावलेले वडील भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले.

मुळाशी जमीनही होती. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होता. पुस्तक भावना कुरवाळत नाही. पोलीस, राजकारण, पेपरवाले सगळ्यांचा हिशेब मांडतं. काही ठिकाणी सिद्धान्त इतका दाट होतो की त्या घरातली माणसं मागे राहतात, हे मला खटकलं. तरी भंडाऱ्याची असून हे न वाचता मला 'आमचं गाव किती शांत' असं लिहिता आलं नसतं. शेताच्या तुकड्यावर आपला हक्क सांगणं कुणाला साडीवर पडतं, कुणाला जिवावर. याला मी मार्क देत नाही.

चकवाचांदण : शेवटी पाखरं

मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र. ते सोलापूरचे, पण वनखात्याच्या नोकरीत इथून जवळच्या नवेगावबांधला राहिले आणि या जंगलाला त्यांनी मराठीत आणलं. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

हे पुस्तक घाईने वाचलंत तर काहीच मिळणार नाही. कोळी, ढिवर, गोंड, पारधी अशा जाणत्या माणसांकडून ते शिकत जातात आणि त्यांचं ऋण लपवत नाहीत. माझी कुरकुर अशी, की प्रत्यक्ष निरीक्षण कुठे संपतं आणि लोकसमजूत कुठे सुरू होते, ते कधी कधी कळत नाही. विज्ञान म्हणून नको, सहवास म्हणून वाचा. पहाटे तलावावर उतरणाऱ्या बदकांना सातबारा नसतो, हे बघून त्या आठवड्यात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी मामाजींना कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मी म्हटलं, मामाजी, आईला तिचा वाटा किती हे कुणी कधी सांगितलंय का? ते बराच वेळ गप्प. बाहेर मळणीचं मशीन धडधडत होतं.

"नाही सांगितला," ते म्हणाले. "तुझ्या मायला येऊ दे. मोजून दाखवतो. मंग तिनं ठरवावं."

त्यांनी कागदाची घडी करून तो मला परत दिला. आई डिसेंबरात जाणार आहे. ती सही करेल की नाही, मला माहीत नाही. पण ती मोजून झाल्यावर करेल किंवा करणार नाही. मी तिला सॅकमधलं एकच पुस्तक वाचायला दिलंय. कोणतं, ते ओळखा.

जायचं असेल तर

दिवाळी ते होळी हा बेस्ट सीझन. साकोलीत मुक्काम करा, तिथून सानगडीचा किल्ला आणि दिघोरीकडचे तलाव एका दिवसात होतात. नवेगावबांधला एक दिवस नक्की ठेवा. भिलारनंतर 'पुस्तकांचं गाव' योजनेच्या विस्तारात २०२२ मध्ये त्याची निवड झाली होती. सोबत दोनच पुस्तकं न्या, एक आवडतं आणि एक टाळत आलेलं. आणि हो, कुणी धान वाळत घातलं असेल तर त्यावरून गाडी नेऊ नका!