भीमथडीच्या वाटेवर

बारामतीचें नांव निघतांच सुशिक्षित घरांत कऱ्हेकांठच्या मोरोपंतांची आठवण होते. इंदापुराचें नांव घेतलें कीं श्रीशिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे डोळ्यांपुढें येतात. त्यांचा अंत तेथेंच झाला. परंतु या दोन्ही गांवांना सारखीच लागू पडणारी कीर्ति आहे ती घोड्याची.

भीमथडी म्हणजे भीमेचा कांठ. ठेंगणें, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर दिवस काढणारें इकडचें तट्टू मराठ्यांच्या फौजेंतून दूरवर गेलें. भीमथडीच्या तट्टांनीं यमुनेचें पाणी प्याल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों. फौजा गेल्या, आणि घोडा राहिला तो धनगरांपाशीं. दिवाळी झाली कीं हे लोक मेंढरें घेऊन कोंकणाच्या बाजूस उतरतात. भांडींकुंडीं, अंथरुणें, कोंबड्या, दमलेलीं कोंकरें असें सगळें बिऱ्हाड त्या वेळीं घोडीच्या पाठीवर असतें. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें २०२४ च्या सुमारास भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

बारामतीहून सणसर, बेलवडी, निमगांव केतकी अशा मार्गानें इंदापूर गांठतां येतें. आषाढांत श्रीतुकोबांची पालखी याच वाटेनें जाते. बेलवडीस गोल रिंगण होतें, आणि अश्व धांवून गेला कीं त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळीं लावतात. आम्ही गेलों ते कार्तिकांत. दोहों बाजूंस ऊस उभा होता. मधल्या एका मोकळ्या रानांत धनगरांचा वाडा उतरला होता. तेथें एक दहा दिवसांचें शिंगरूं आडवें पडलेलें दिसलें. ओढ्यांतील दगडांत अडखळून त्याच्या पुढच्या पायाची नळी गुडघ्याखालीं चिरली होती. कातडी फाटली नव्हती, हीच त्यांतली जमेची बाजू.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले होते. त्यांनीं पायाला कापसाचे जाड थर गुंडाळले, त्यांवर पट्ट्या घट्ट बसवल्या आणि पाण्याच्या प्लॅस्टिक नळाचा उभा चिरलेला तुकडा मागून बांधला. तो खुरापासून थेट कोपरापर्यंत पोंचत होता. एवढा लांब कशाला, असें विचारतां ते म्हणाले, "चिरेच्या खालचा आणि वरचा असे दोन्ही सांधे स्थिर राहिले पाहिजेत. आधार मध्येंच संपला, तर त्याच्या टोकाशींच हाडाला तरफ बसते."

हें ऐकतांना सुश्रुताची आठवण झाली. मोडलेल्या हाडासाठीं त्यानें पिंपळ, वड, पळस यांच्या साली व वेळूच्या कांबी सांगितल्या आहेत. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाहीं, फार आवळला तर सूज, ठणका व पू होतो, असें बजावून थंडींत सातव्या, साधारण ऋतूंत पांचव्या आणि उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं बंध बदलावा असा काळही त्यानें नेमून दिला आहे. शिंगराच्या बाबतींत तर याहूनही सावध राहावें लागतें. कातडी नाजूक असल्यानें एका रात्रींत जखम होते, म्हणून पाय रोज तपासावा लागतो. शिवाय आधार गरजेहून अधिक दिवस राहिला, तर शिरा ढिल्या पडतात. आणि सारा भार पेलणारा दुसरा पाय वांकूं लागतो.

मोठी अडचण दुधाची होती. या वयाचें शिंगरूं तासांतून अनेकदां आईला पितें, आणि ताठ बांधलेल्या पायानें तें आपण होऊन उठूं शकत नाहीं. म्हणजे दिवसरात्र कोणीतरी त्याला उचलून घोडीपाशीं उभें करावयाचें. इकडे वाड्याला निघणें भाग होतें. मेंढरांना येथें चारा उरला नव्हता. "मग ठरलें काय?" असें आम्हीं विचारलें. म्हातारी म्हणाली, "वाडा उद्यां हालंल. मी आन् सून मागं ऱ्हातो. घोडीचं वझं बाकीच्या घोड्यांवर वाटून टाकलंया."

पाय वांचेलच असें वचन डॉक्टरांनीं दिलें नव्हतें. कोवळें हाड लवकर सांधतें, तरी कांहीं आठवडे लागतील, एवढेंच ते म्हणाले होते. तितक्या भरंवशावर दोन बाया थंडीचे दिवस उघड्या रानांत काढणार होत्या. ज्या घराचें बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर चालतें, त्या घराला तिचें पोर टाकून पुढें जाणें सुचलें नाहीं.

निमगांवचे पानमळे मागें टाकून सायंकाळीं आम्ही इंदापुरास पोंचलों. मालोजीराजांच्या गढीपाशीं उभें राहिलें म्हणजे भीमथडीचा जुना इतिहास मनांत येतो. पण त्या घोड्याचा वंश आजवर टिकला, तो अशा मागें राहणाऱ्या माणसांमुळें. दप्तरांतली नोंद मोलाची खरी. तिच्यामागें रात्रींतून दहादां उठून शिंगराला घोडीखालीं धरणारे हात असले, तरच ती पुढेंही खरी राहील.