बाळूची टेप

परवा माळा आवरायला काढला. (आमच्याकडे हा कार्यक्रम दिवाळीला ठरतो आणि होळीपर्यंत ढकलला जातो!) बिस्किटांच्या जुन्या डब्यात माझ्या धाकट्या भावाची, बाळूची, एक चिमुकली कॅसेट सापडली. त्याच्या अक्षरात वर लिहिलेलं - 'आईच्या ओव्या, १९९६'. बाळू २०११ साली गेला. आई त्याच्याही आधी. मला वाटलं, आईचा आवाज सापडला!

भाच्याने ती उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "आत्या, अगं ही गाण्याची नाही, कॉम्प्युटरची आहे. डीडीएस-२. चार जीबी मावतात हिच्यावर."

तेव्हा आठवलं. आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या बाळूने तिला विचारून विचारून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. जरा हिरमुसलेच मी. पण शब्द तरी मिळतील की!

इतकं सोपं नव्हतं ते. मी म्हटलं, नवा ड्राइव्ह आण, सगळं वाचेल. माझं हे गणित सपशेल चुकलं. डीडीएस-२ची टेप डीडीएस-३ आणि डीडीएस-४चे ड्राइव्ह वाचतात, पण त्यापुढचा डॅट-७२ फक्त डीडीएस-३पर्यंतच मागे जातो. म्हणजे शोधायचा तो जुनाच. मोठ्या कंपन्यांच्या एलटीओ टेपांचंही तेच म्हणे. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत. २०१७मध्ये आलेला आठवा एकच पिढी मागचं वाचतो. आणि २०२५चा दहावा? स्वतःच्या पिढीखेरीज कुणाचंच नाही! आजोबांचे मोडीतले कागद आमच्या ट्रंकेत असेच पडून आहेत. कागद धड, वाचणारा नाही.

भाच्याने शेवटी भंगारवाल्याच्या ओळखीने डीडीएस-३चा ड्राइव्ह मिळवला. त्याची वायर आताच्या कॉम्प्युटरला लागेना, म्हणून स्कझीचं जुनं कार्ड शोधलं. ते बसेल असा जुना कॉम्प्युटरही मिळवला. यात तीन महिने गेले. मी रोज विचारत नव्हते, एक दिवसाआड विचारत होते.

टेप फिरली. बाळूने बॅकअपसाठी एखाद्या कंपनीचं खास सॉफ्टवेअर वापरलं असतं तर तेही शोधावं लागलं असतं. त्याने साधं टार वापरलं होतं. टेपसाठीच निघालेली ती जुनी युनिक्सची पद्धत आजही चालते. फायली उतरल्या. उघडल्या तर पडद्यावर नुसती चिन्हांची पेरणी! मराठी होतं ते इस्कीमध्ये, युनिकोडमध्ये नाही. पण इस्की हे १९९१चं जाहीर भारतीय मानक, कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर ते छापलेलं आहे. भाच्याने एका रात्रीत सगळं बदलून दिलं.

त्रेचाळीस ओव्या निघाल्या. शेवटची फाइल अर्ध्यावर तुटली, तिथे टेप खराब झाली आहे. एका ओवीखाली बाळूने कंसात लिहिलंय, 'ताईला विचारणे, पुढची ओळ आईला आठवत नाही.'

मला त्याने कधी विचारलंच नाही. राहून गेलं असणार. ती ओळ मला येते. परवा संध्याकाळी मी ती त्याच्या कंसाखाली टाइप केली.

असो. भाचेमंडळींपैकी कुणाला प्रत हवी असेल तर कळवा. आणि हो, मावशीला आठवणाऱ्या ओव्या तिच्याकडून लवकर लिहून घ्या. यंदा ती एक्क्याण्णव वर्षांची होईल.