डग्ग्याची जागा

आमच्या सरावाची खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. बनारसमधल्या दुर्गाघाटावरच्या जुन्या वाड्याचा हा सर्वांत वरचा मजला. आजोबांच्या वेळी इथे पोथ्यांच्या पेट्या होत्या, आता ड्रमसेट, दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक टेबलफॅन आणि आम्ही चौघं. मी बेस गिटार वाजवते. बेसची सर्वांत जाड तार, खालचा ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि हवेत त्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. म्हणजे माझा सर्वांत खालचा स्वर या खोलीत पुरता मावतच नाही. भिंतीला टेकून उभं राहिलं की तो छातीत घुमतो, खोलीच्या मधोमध आलं की विरून जातो. आमच्या गिटारवाल्याला मी वर्षभर ऐकूच येत नव्हते, कारण तो मधोमध उभा राहायचा. खालच्या मजल्यावर आजी असते. ती म्हणते, "तुमचं गाणं मला कानानं नाही कळत गं, पायांना कळतं."

चौघंही हौशी. मी दिवसा शाळेत गणित शिकवते. ड्रमर घरच्या बनारसी साड्यांच्या गद्दीवर बसतो, गिटारवाला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे आणि गाणारी बीएचयूत वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. रविवारी दुपारी तीन ते सहा ही आमची वेळ. आधी नाही, कारण गल्ली जेवून आडवी झालेली असते. नंतर नाही, कारण संध्याकाळच्या आरत्या सुरू होतात. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातला माणूस खिडकीतून हात लांबवून आमच्या झांजेला शिवू शकेल. म्हणून ड्रमवर गोधड्या टाकल्या. मी बेसच्या तारांखाली, ब्रिजपाशी, भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा सरकवला. आवाज दबला आणि त्याच वेळी प्रत्येक स्वराला काठ आला. स्वर उमटतो, सांगायचं ते सांगतो आणि मिटतो. पुढे वाचनात आलं की डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सनही तारांखाली फोम ठेवत आणि उजव्या हाताची एकच तर्जनी वापरत. साठच्या दशकात त्यांचा बेस जगभर ऐकला गेला, पण मोटाउनच्या तबकडीवर त्यांचं नाव छापलं गेलं ते १९७१ साली, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. शेजाऱ्यांसाठी ठेवलेला तो स्पंज मी आजतागायत काढलेला नाही.

बनारसमध्ये रॉक कशाला, असं मला विचारलं जातं, विशेषतः पुण्याहून आलेल्या नातेवाइकांकडून. त्यांच्या मनातली काशी म्हणजे गागाभट्ट, श्राद्धं, गंगाजलाचे गडू आणि शहनाई. शहनाई खरीच. आमच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर, पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात, बिस्मिल्ला खाँसाहेब लहानपणी रियाझ करत. पण हे शहर ऐकतं फार, आणि ऐकणाऱ्या शहरात कोणतंही संगीत करता येतं. चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचनचा संगीत समारोह भरतो. तिकीट नसतं. देवळाच्या आवारात माणसं रात्र-रात्र बसतात. पहाटे साडेतीनला, एखाद्या विलंबित ख्यालात, चहाचा कुल्हड हातात धरलेला पानवाला समेवर मान खाली आणतो तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो. त्याला मोजावं लागत नाही. मी मोजते.

या मोजण्यानंच एकदा आमच्यात मोठं भांडण झालं.

आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी गणपतीत आम्ही चार गाणी वाजवली. समोर सतरंजीवर काकू, आजोबा, मुलं बसलेली. दुसऱ्या गाण्याला सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि आमचं गाणं आतून उसवायला लागलं. रॉकमध्ये चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो. वजन तिथे असतं, टाळी तिथे यायची. सतरंजीवरची टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर येत होती. आयुष्यभर आरती आणि भजन ऐकलेला हात दुसरीकडे कुठे पडेल? गाणारीनं मध्येच हात वर करून टाळी कुठे द्यायची ते दाखवलं. दोन आवर्तनं जमलं, मग पुन्हा पहिल्यावर. घरी येताना गिटारवाला म्हणाला, इथल्या लोकांना रॉक कळायला वेळ लागेल. मला ते अजिबात पटलं नाही. ते लोक चुकीची टाळी देत नव्हते. त्यांना सम हवी होती आणि आम्ही ती दाखवत नव्हतो.

ड्रमर त्या रात्री गप्प होता. ड्रम हातात घेण्याआधी तो आठ वर्षं कबीरचौऱ्यात तबला शिकलेला. पुढच्या रविवारी तो तबल्याची जोडी घेऊन आला आणि कुणाला काही न सांगता तीनतालाचा ठेका लावून बसला. मग मला म्हणाला, "दीदी, दाहिना छोड़िए, खाली बायाँ सुनिए."

मी नुसता डग्गा ऐकू लागले. तीनताल सोळा मात्रांचा. एक, पाच आणि तेरावर टाळी, नऊवर खाली, हे शाळेत पाठ केलं होतं आणि म्हणून मी धरून चालले होते की डग्गा नवव्या मात्रेला बंद होतो. होत नाही. नवव्या मात्रेचा 'धा' डग्ग्यासकट वाजतो. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून: तिं, तिं, ता, ता. तेराव्या मात्रेवर टाळी आहे, तरी डग्गा अजून गप्पच. तो परत येतो चौदाव्यावर, 'धिं'ला. दहा, अकरा, बारा, तेरा या चार मात्रा जमीन काढून घेतल्यासारख्या जातात आणि चौदाव्यावर ती पुन्हा पायाखाली येते. मग पंधरा, सोळा आणि सम. पानवाल्याच्या मानेला समेची खबर कुठून मिळते ते मला त्या दुपारी कळलं. चौदाव्या मात्रेवरचा डग्गा ती तीन मात्रा आधी पोचवतो.

मी फळ्यावर लिहावं तसं वहीत लिहिलं. सोळा मात्रा म्हणजे रॉकचे चार बार. चौदावी मात्रा म्हणजे चौथ्या बारमधली दुसरी. म्हणजे नेमकी तीच, जिथे आमचा स्नेअर पडतो. ज्या दोन गोष्टींवरून सतरंजीसमोर आमची फजिती झाली, त्या दोन्ही चौदाव्या मात्रेवर एकमेकींना भेटतात. मी वही ड्रमरपुढे सरकवली. त्यानं एकदा पाहिलं आणि स्टूलवर जाऊन बसला.

त्या दिवशी मी नऊ मात्रा वाजवून थांबले. दहा ते तेरा बोटं तारांवर ठेवून, आवाज पूर्ण मिटवून. चौदाव्यावर स्नेअरबरोबर परत आले. पहिल्या खेपेला हात थरथरला. बेस वाजवणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती रिकामं सोडण्याची, कारण सगळे आपल्यावर उभे असतात. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला गाणारी डोळे मिटून हसली. संध्याकाळी आजी म्हणाली, "आज मधे मधे बंद पडत होतं का गं? पण परत यायचं ते अगदी वेळेवर."

पुढच्या वर्षी त्याच गणपतीत तेच गाणं वाजवलं. टाळी पहिल्यावरच आली, तिसऱ्यावर मात्र विरळ होत गेली आणि आवर्तन संपताना समेवर सगळे एकदम. स्नेअर आपल्या जागी दोन-चारवर. कुणी कुणाला पाडलं नाही.

तेव्हापासून माझी काही मतं पक्की झाली आहेत. मेट्रोनोमवर सराव करायला मी तिघांनाही मना करते. मेट्रोनोम दोन ठोक्यांमधलं अंतर सांगतो, तुम्ही आवर्तनात कुठे आहात ते सांगत नाही. लेहरा सांगतो. तबल्याच्या एकल वादनात सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला एकच ओळ तासभर फिरवत राहतो, तेव्हा तो तबलजीला घराचा पत्ता देत असतो. रॉकमधला रिफ हा माझ्या लेखी लेहराच आहे. लेड झेपेलिन ऐकताना जॉन बोनमच्या ड्रमकडे सगळ्यांचे कान जातात. माझे जातात जॉन पॉल जोन्सच्या बेसकडे, कारण तो पत्ता धरून बसलेला असतो.

रिकाम्या जागेबद्दलही माझं मत पक्कं आहे. रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स स्नेअरवर ठोका देताना हाय-हॅटवरचा हात उचलून घेत. दोन्ही एकदम वाजवत नसत. तेवढ्या रिकाम्या फटीतून त्यांचा स्नेअर वेगळा ऐकू येई. आणि साधेपणाचं म्हणाल, तर याच शहरातले तबलावादक पंडित अनोखेलाल मिश्र 'ना धिं धिं ना' या साध्या बोलांसाठी ओळखले जात. अवघड कायद्यांसाठी नाव होणं मी समजू शकते. शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यात देतात त्या बोलांनी नाव होणं, हे माझ्या दृष्टीनं त्याहून मोठं.

तबला गिटारला नुसता चिकटवून त्याला फ्यूजन म्हणण्याचा मला राग येतो. इंडियन ओशन हा बँड मला आवडतो, कारण तिथे काही चिकटवलेलं वाटत नाही आणि राहुल राम बेस वाजवता-वाजवता गातात. 'मसान' या २०१५ च्या बनारसच्या चित्रपटाला याच बँडचं संगीत आहे, गीतकार वरुण ग्रोवर इथल्याच आयआयटीत शिकलेले. ती गाणी आम्हाला प्रत्येक कार्यक्रमात मागतात आणि आम्ही मनापासून वाजवतो.

एका बाबतीत मात्र आमच्यात कधीच एकमत होणार नाही. १८ जून १९६७, मॉन्टेरीचा संगीत महोत्सव. दुपारी बनारसमध्ये जन्मलेल्या रविशंकरांनी सतार वाजवली आणि रात्री जिमी हेंड्रिक्सनं त्याच मंचावर गिटार जाळली. रविशंकरांना ते पाहून वेदना झाल्या. आमचा गिटारवाला म्हणतो, ती आहुती होती, जे सर्वांत प्रिय तेच माणूस अग्नीत देतो. त्याचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. मणिकर्णिकेचं स्मशान इथून दूर नाही आणि या शहरात अग्नीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या हाताला ते मानवत नाही. मे महिन्यात उष्म्यानं तारा सैल पडून स्वर उतरतात, पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून येते, हवा ओली होते आणि नेकचं लाकूड फुगून वाकतं. तेव्हा मी पाना घेऊन आतली सळई पाव-पाव फेरा फिरवत तासभर बसते. ज्या लाकडाचा श्वास असा ओळखीचा झाला, ते मला जाळता येणार नाही. ड्रमर अजून स्टूलवर बसण्याआधी स्नेअरला हात लावून कपाळाला लावतो. गिटारवालाही हल्ली गिटार जमिनीवर ठेवत नाही, भिंतीला खुंटी ठोकून घेतली आहे.

सध्या आम्ही सात मात्रांचं एक गाणं बसवतोय. गाणारीनं भोजपुरीत लिहिलं आहे, पुरात खालच्या पायऱ्यांवरची देवळं बुडतात त्यावर. चाल आपोआप रूपकात गेली: तिं तिं ना, धिं ना, धिं ना. रूपकात सम आणि खाली एकाच मात्रेवर आहेत. जिथे सगळे परत यायचे, तिथेच डग्गा गप्प. ड्रमर दर रविवारी विचारतो, "दीदी, सम पर आप का करब?" पहिल्या मात्रेवर बेस न वाजवता सगळ्यांना घरी कसं आणायचं, हे मी तीन आठवडे शोधते आहे. गेल्या वेळी चौथ्या मात्रेला, 'धिं'वर, तार छेडून सहाव्यापर्यंत स्वर खाली घसरत नेला आणि सातवर मिटवला. पहिली मात्रा मोकळी राहिली. गिटारवाला म्हणाला, काहीतरी आलं होतं, पुन्हा कर. पुन्हा केलं तर नाही आलं. सहा वाजले, खाली आरती सुरू झाली, आम्ही अ‍ॅम्प बंद केले. मी स्पंज जरा आत सरकवून ठेवला आहे.