बारसं न झालेला मुलगा

सोमवारची सकाळ. मुलगी झाली म्हणून घेतलेली सुट्टी संपवून हिंजवडीतल्या ऑफिसात परतलो होतो. पेढ्यांचा बॉक्स पाच मिनिटांत रिकामा झाला आणि मग तो प्रश्न आलाच. "काय बॉस, बारसं कधी?"

"बघू. माझं स्वतःचंच झालेलं नाही," मी सहज बोलून गेलो.

टीममध्ये एकदम सन्नाटा! "मग तुझं नाव कोणी ठेवलं?" एकीनं विचारलं. "ग्रामसेवकानं," मी म्हणालो. सगळे हसले. मी मात्र संध्याकाळी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या तोच विचार करत होतो. खरंच, बारसं न झाल्यानं माझं काय अडलं?

कागदावर विचाराल तर काहीच नाही. दहावीचं सर्टिफिकेट, पॅन, पासपोर्ट, होम लोन... एकाही फॉर्मवर 'बारसं झालं का?' असा रकाना नव्हता. सरकारचं आपलं वेगळं बारसं असतं आणि ते १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं होतं. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. नाव ठरलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते. वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी. लेकीच्या फॉर्मवर बायकोचं नाव माझ्या आधी लिहिताना जाम भारी वाटलं. यात पाळणा कुठेच नाही, घुगऱ्या नाहीत, कानात 'कुर्रर्र' नाही. तरी नाव पक्कं!

मग विषय संपला? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

थोडी बॅकग्राउंड सांगतो. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. देवधर्म शून्य. पाहुणे लेण्याद्री आणि ओझरचा गणपती करायला म्हणून आमच्याकडे उतरायचे आणि अण्णा त्यांना नाणेघाट दाखवायला न्यायचे! "ती भिंत बघा. सातवाहनांनी कोणत्या यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती नाणी दक्षिणा दिली त्याची यादी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची पावती!"

पावती दाखवून झाली की गाडी हमखास ओतूरच्या केसवर. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. पुढे १८८०च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजीला न बोलावता लावलं. गावच्या जोशांनी हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून थेट दावा ठोकला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. म्हणजे भटजीला बोलवायचं नसेल तर बोलवू नका, हे आमच्या तालुक्यानं कोर्टातून मिळवलंय. अण्णा हे असं सांगायचे, जणू स्वतःच वकील होते.

त्यामुळे माझं बारसं का झालं नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. अण्णा नास्तिक, म्हणून नाही झालं. सिंपल.

पण एक गोष्ट कायम खटकायची. माझी आत्या मला कधीच नावानं हाक मारायची नाही. लहानपणी 'बाळ', दहावीला 'बाळ', इंजिनीअर झालो तरी 'बाळ'. माझ्या लग्नात सगळ्यांसमोर उखाण्यांचा दंगा चालला होता, तेव्हाही ती कोपऱ्यातून म्हणाली, "बाळाला जेवायला वाढा गं आधी." बायकोला वाटलं, किती गोड! मलाही तसंच वाटायचं.

लेक झाली आणि सासूबाईंनी बारशाचा विषय काढला. त्या घोडेगावच्या. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव, जे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गंमत बघा, तालुका आजही आंबेगाव, कचेरी मात्र घोडेगावात. गाव बुडालं, नाव राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात गेलेल्या गावाचं नावसुद्धा लोकांनी टाकलं नाही, आणि तुम्ही पोरीचं नाव मोबाइलवर मेसेज टाकून सांगणार?"

बाईंचा मुद्दा सॉलिड होता. मी अण्णांना फोन लावला. "अण्णा, बारसं करू का? तुम्हाला चालेल ना? तुम्ही माझं केलं नव्हतं म्हणून विचारतोय."

बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुझं बारसं ठरलं होतं."

मी गाडी बाजूला घेतली.

ठरलं होतं. भटजी नव्हता, पण पाळणा आणला होता, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. आत्याच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आदल्या रात्री भावकीतल्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि म्हणाल्या, तिनं पाळण्याला हात लावायचा नाही, नाव दुसऱ्या कोणीतरी ठेवावं. अण्णांना एकच बहीण. ते म्हणाले, ती नाव ठेवणार नसेल तर कोणीच ठेवणार नाही. सकाळी पाळणा परत गेला. बाहेर सांगितलं, 'आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.' ते खरंही होतं, त्यामुळे कोणी फार खोदून विचारलं नाही.

"आणि आत्याला काय सांगितलं?"

"तेच सांगितलं. उगाच तिच्या जिवाला कशाला लागायला?"

तिला कळलं नसेल असं अण्णांना चौतीस वर्षं वाटत होतं. वाडीत असल्या गोष्टी लपतात होय? पुढच्या रविवारी मी आणि बायको बाळाला घेऊन गावी गेलो. चुलीपाशी बसलेल्या आत्याला मी सरळच विचारलं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "माझ्या पायी तुझं बारसं राहिलं. मग कुठल्या तोंडानं तुझं नाव घेऊ?"

पाहिलंत? कागदावर काहीच अडलं नव्हतं. पण एका बाईनं चौतीस वर्षं स्वतःला गुन्हेगार धरलं होतं. तिच्याशी बोलायला हवं होतं, तेवढंच कोणी केलं नव्हतं.

अण्णांची चूक झाली असं मी म्हणणार नाही. त्या रात्री बहिणीच्या बाजूनं उभा राहणारा घरात तो एकच माणूस होता. पण त्यांनी 'देव नको' हे मोठ्यानं सांगितलं आणि 'माझ्या बहिणीचा अपमान नको' हे पोटात ठेवलं. उलटं केलं असतं तर?

आपल्यातले बरेच जण आज म्हणतात, आम्ही धार्मिक नाही, मग बारसं कशाला? बरोबर आहे. माझ्या टीममधल्या एकाच्या घरी कोर्ट मॅरेज, बारसं नाही, काही नाही, आणि सगळे मजेत आहेत. तिथे कुणाची काही बाकी राहिलेली नाही. बारशानं मुलाचं नशीब बदलत नाही. मोठेपणी उरतं ते एवढंच, की त्या दिवशी कोणाला बोलावलं होतं आणि कोणाला दारात थांबवलं होतं. देव वगळणं सोपं असतं हो. माणसांचा हिशेब मात्र स्वतंत्र करावा लागतो.

मग आम्ही बारसं केलं. घोडेगावात, सासूबाईंच्या अंगणात. गुरुजी नाही, पूजा नाही. मला बहीण नाही, त्यामुळे लेकीला आत्याही नाही. नाव माझीच आत्या ठेवणार, हे बायकोनं परस्पर जाहीर करून टाकलं. सासूबाई जरा घुटमळल्या. "आमचं काही नाही गं, पण लोक..." बायकोनं त्यांना हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सरकारचं राहू दे. साडी कोणत्या रंगाची घ्यायची तिला, ते सांग."

हिरवी घेतली.

आत्या पाळण्यापाशी आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. अण्णा मागे खुर्चीवर, कधी नव्हे ते गप्प. बायकांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' केलं. अण्णांनी त्यालाही आक्षेप घेतला नाही! आत्या वाकली, लेकीच्या कानात नाव सांगितलं, 'कुर्रर्र' केलं आणि सगळ्या पोरींनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. "अगं हळू! हाडं मोडाल म्हातारीची," ती ओरडली आणि खूप हसली. तिला इतकं हसताना मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

घुगऱ्या खाताना मी म्हटलं, "आता तरी मला नावानं हाक मार."

ती म्हणाली, "मारीन की. सवय व्हायला लागेल थोडी."

अजून झालेली नाही. परवा फोनवर म्हणाली, "बाळ जेवलं का?" मी म्हटलं, कोणतं बाळ?

"दोन्ही," ती म्हणाली.