दोष कोणाचा?



मराठवाड्यातून पुष्कळ कुटुंबे उपचारांसाठी हैदराबादला येतात. मंडळीच्या वतीने आम्ही त्यांना भेटतो, डबा पोहोचवतो, प्रार्थना करतो. यंदा नांदेडकडची एक आई भेटली. तिच्या चौदा वर्षांच्या मुलीचा पाठीचा कणा एका बाजूला वाकला होता. याला स्कोलिओसिस म्हणतात. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. आई म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं? कोणी म्हणतं दप्तर जड होतं, कोणी म्हणतं पापाचं फळ."

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असेच विचारले. प्रभूने त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर दोष ठेवला नाही. डॉक्टरही ठेवत नाहीत. वाढत्या वयात दिसणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचे नेमके कारण सापडलेले नाही. दप्तराने किंवा वाकडे बसल्याने तो होत नाही. हे ऐकून ती माऊली मनमोकळी रडली.

हा बाक एक्स-रेवर अंशांत मोजतात. तो साधारण 45 ते 50 अंशांपुढे गेला, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूच्या दांड्याची पद्धत काढली आणि 1962 साली ती प्रसिद्ध केली. आता मणक्यांत स्क्रू बसवून दांड्यांनी कणा सावरतात आणि हाडाचे तुकडे घालून मणके जुळू देतात. जुळणी पक्की व्हायला काही महिने लागतात. मज्जारज्जूला धक्का लागू नये म्हणून कणा अगदी सरळ करण्याचा हट्ट धरत नाहीत. थोडा बाक राहतो.

त्या उरणाऱ्या बाकाचीच मुलीला चिंता होती. तिला मी लूकच्या तेराव्या अध्यायातील स्त्री सांगितली. अठरा वर्षे वाकलेली असूनही ती सभास्थानात आली होती. प्रभूने तिला पाहिले आणि जवळ बोलावले, तेव्हा ती वाकलेलीच होती. बोलावणे आधी आले, सरळ होणे नंतर.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिसऱ्या दिवशी मुलगी आधाराने उभी राहिली. देवाची स्तुती असो.

प्रियांनो, शब्बाथ शाळेतील एखाद्या मुलाचा खांदा उंच दिसला, किंवा पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू वर आली, तर आईवडिलांना प्रेमाने सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. दोष शोधू नका, सोबत जा.

हे प्रभू, वाकलेल्यांना जवळ बोलावणारे तुझे मन आमच्या मंडळीला दे. आमेन.