वाइन निवडावी मसाला पाहून

ती. वहिनींस,


रविवारच्या जेवणाला नाशिकची वाइन ठेवायची, पण भरल्या वांग्यांबरोबर कोणती आणि सुरमईबरोबर कोणती, असं तुम्ही विचारलंत. मटणाला लाल, माशाला पांढरी हा नियम युरोपातल्या सौम्य जेवणावरून पडला. आपल्या ताटात मटण किंवा मासळीपेक्षा मसालाच अधिक बोलतो. तेव्हा वाइनही तिखट, आंबट आणि गोड पाहूनच निवडावी.

सगळ्यात अवघड तिखट. मिरचीमुळे जिभेवरच्या ज्या संवेदना पेटतात, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतो. त्यात कॅबरने सोव्हिन्योंसारख्या जड लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं; कडक चहा प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं तो तुरटपणा त्याचाच. तांबड्या रश्श्यावर या वाइनचा घोट घेतला, की रस्सा दुप्पट झोंबतो आणि वाइन कडवट लागते. तिथे थंडगार, किंचित गोडसर झिनफँडेल रोझे हवी. साखर तिखटाला आवरते.

आंबटाचं गणित सोपं आहे. लिंबाची फोड चाटून कुठल्याही वाइनचा घोट घ्या. मघाशी आंबट वाटलेली तीच वाइन एकदम मवाळ लागेल. म्हणून कोकमाच्या किंवा चिंचेच्या पदार्थाबरोबर वाइन निदान तेवढीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट वाटते. रव्यात घोळून तळलेली सुरमई, वर लिंबू पिळलेलं, आणि सोबत सोव्हिन्यों ब्लाँ: ही जोडी सहसा चुकत नाही. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर मात्र लाल वाइन टाळाच. तिच्यातलं लोह आणि माशाची चरबी एकत्र आली, की तोंडात गंजासारखी चव राहते.

भरली वांगी म्हणजे शेंगदाण्याचं कूट, गोडा मसाला, चिंच आणि गूळ. त्यांना शेनिन ब्लाँ द्या. ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली, पण नाशिकच्या मातीत चांगली रुजली. सुला वायनरी २००० साली सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या वाइन्समध्ये हीसुद्धा होती. तिच्यात आंबटपणा आहे आणि फळांचा गोडवाही. कोथिंबीर वडी, मसालेभात, अळूचं फदफदं, सगळ्यांशी तिचं जमतं. घरात एकच बाटली ठेवायची असेल, तर हीच ठेवा.

सुक्या खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणातलं मटण सुकं मात्र शिराझला शोभतं. तिच्यातला मिरीसारखा वास गरम मसाल्याशी जुळतो. तिखट तेवढं बेताचं ठेवा.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, ते थंड देशातल्या खोल्यांबद्दल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, त्यामुळे एका बैठकीत संपवायची घाई नको.

येत्या रविवारी वांगी कराल तेव्हा शेनिनची बाटली सकाळीच गार करायला ठेवा. आधी भाकरीचा घास, मग घोट. दादांना काय वाटलं, तेही कळवा.

तुमची,
धाकटी नणंद