प्रयोगशाळेतील उमेदवारी

पुस्तकातील प्रयोग कधी फसत नाही; प्रयोगशाळेतील मात्र वरचेवर फसतो आणि तेथूनच शिक्षणास आरंभ होतो, असा आमचा अनुभव आहे. विद्यार्थिदशेत एका सुटीत आम्ही अशी उमेदवारी केली. पहिला आठवडा काचेची भांडी धुण्यातच गेला. पण अस्वच्छ भांडे खोटे उत्तर देते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा तेथे पक्के समजले. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांना मुंबईची पदवी असूनही १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रथम वर्षभराच्या अटीवरच प्रवेश मिळाला. त्यांच्या कामानेच पुढची वाट मोकळी केली. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. संशोधन आपणांस मानवते की नाही, हे तरुणांना वेळीच कळावे, यासाठी पालकांनी एखादी सुटी खुशाल खर्ची घालू द्यावी.